हिंदी महासागराचे संशोधन व मोसमी पाऊस

हिंदी महासागराचे संशोधन व मोसमी पाऊस : मोसमी वाऱ्यांचे सामर्थ्य व स्वरूप समजून घेण्यासाठी हिंदी महासागराचे तापमान, प्रवाह, बाष्पीभवन व त्यावरील वातावरण यांचा जो पद्धतशीर अभ्यास गेल्या सु. दीडशे वर्षांत झाला, त्याचा समावेश या विषयात होतो. हा अभ्यास किनारपट्टीपुरता मर्यादित नाही. बीड जिल्ह्यातील केज हे तालुक्याचे ठिकाण अरबी समुद्रापासून सु. ३०० किमी. आत, बालाघाट डोंगरांच्या प्रदेशात आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने तेथे नैर्ऋत्येकडील वारे बरेचसे कोरडे होऊनच पोहोचतात. बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे व सप्टेंबरमधील पाऊस यांवर तेथील शेती मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणजेच समुद्र दृष्टीसही न पडणाऱ्या या प्रदेशाचे पीकपाणी दोन सागरांच्या स्थितीशी निगडित आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : भूमी व समुद्र यांच्या असमान तापण्यामुळे मोसमी वारे वाहतात, अशी उपपत्ती एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये मांडली. भारतात हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. त्यामागे १८६४ मधील कलकत्त्याचे चक्रीवादळ व त्यानंतरचे दुष्काळ ही कारणे होती. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड (१८३४–९३) यांनी हिमालयावरील हिमाच्छादन व पाऊस यांचा संबंध जोडून दीर्घ मुदतीचा अंदाज वर्तविण्यास आरंभ केला. पुढे गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८) यांनी जगभरच्या वेधशाळांतील नोंदींची तुलना केली. पॅसिफिक व हिंदी महासागर यांवरील वायुदाब परस्परविरुद्ध दिशांनी कमीजास्त होतात, असे त्यांना आढळले. यास त्यांनी ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. या आंदोलनाचा पॅसिफिकमधील ‘एल् निन्यो’ या उष्ण जलस्थितीशी असलेला संबंध याकोब ब्यर्कनेस (१८९७–१९७५) यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केला.

हिंदी महासागर मात्र दीर्घकाळ उपेक्षितच राहिला. मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने १८८१ नंतर केलेली पाहणी आणि १९३३–३४ मधील जॉन मरे मोहीम हे मोजके अपवाद होत.

आंतरराष्ट्रीय मोहीम व संस्थांची स्थापना : ही उणीव भरून काढण्यासाठी १९५९–६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम हाती घेण्यात आली. तीत अनेक राष्ट्रांची सु. ४० जहाजे सहभागी झाली. भारताच्या वतीने ‘आय्एन्एस किस्तना’ या नौदलाच्या जहाजाचा उपयोग करण्यात आला. मोहिमेच्या हवामानविषयक कार्यासाठी १९६३ मध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आंतरराष्ट्रीय केंद्र उघडण्यात आले. तत्पूर्वी १९६२ मध्ये पुण्यास उष्णकटिबंधीय हवामानविज्ञानाची संस्था स्थापन झाली होती. मोहिमेतून निर्माण झालेले मनुष्यबळ व सामग्री यांच्या आधारे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अस्तित्वात आली. गोव्यातील दोना पावला येथे तिचे मुख्यालय असून एन्. के. पणिक्कर (१९१३–७७) हे तिचे पहिले संचालक होत.

याच सुमारास एक महत्त्वाचा वाद उद्भवला. भारतावर पडणाऱ्या पावसातील बाष्प मुख्यत्वे अरबी समुद्रातच निर्माण होते, असे मत पी. आर्. पिशारोटी (१९०९–२००२) यांनी १९६५ मध्ये मांडले. पुण्याच्या संस्थेतील पुढील गणनांवरून मात्र विषुववृत्त ओलांडून दक्षिण गोलार्धातून येणाऱ्या बाष्पाचा वाटा अधिक असल्याचे दिसून आले. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत हे वारे प्रबळ झोताच्या रूपाने वाहतात, असे जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये दाखविले होते. १९७९ मधील ‘मोनेक्स’ या प्रयोगात या झोताचे व मोसमी पावसाच्या आगमनाचे विमाने, जहाजे व उपग्रह यांच्या साहाय्याने निरीक्षण करण्यात आले. सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये सागरपृष्ठाचे तापमान सु. २८° से. या मर्यादेपलीकडे गेल्यास मोठ्या प्रमाणावर मेघनिर्मिती संभवते, असे प्रतिपादन केले.

सागरी अभियांत्रिकी : निरीक्षणे अखंड मिळण्यासाठी जहाजे व उपकरणे आवश्यक असतात. ‘गवेषणी’ हे जहाज १९७६ मध्ये गोव्याच्या संस्थेकडे आले. १९८१ मध्ये त्यानेच हिंदी महासागराच्या तळावरील बहुधातवीय गोळे वर काढले. ‘सागर कन्या’ हे अधिक सुसज्ज जहाज १९८३ मध्ये दाखल झाले. चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रविज्ञान संस्था १९९३ मध्ये स्थापन झाली. खोल समुद्रात नांगरून ठेवलेले व उपग्रहामार्फत वार्ता पाठविणारे तरंगक हे तिचे महत्त्वाचे कार्य होय. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील स्वयंचलित तरंगक सु. १,००० मी. खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी २,००० मी.पर्यंत खाली जाऊन वर येताना ते तापमान व लवणता मोजतात. ही माहिती संकलित करण्याचे काम हैदराबाद येथील केंद्र करीत आहे.

अलीकडील संशोधन : हिंदी महासागराचा पश्चिम भाग उष्ण व पूर्व भाग थंड होण्याची, तसेच याउलट घडण्याची आवर्ती स्थिती १९९९ मध्ये वर्णिली गेली. तिला द्विध्रुव असे म्हणतात. १९९७ मध्ये प्रबळ एल् निन्यो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्याच्या स्पष्टीकरणात अनुकूल द्विध्रुवाचा उल्लेख केला जातो. २०१२ पासून ‘मॉन्सून मिशन’अंतर्गत पुण्याच्या संस्थेत सागर व वातावरण यांचे संयुक्त गणितीय प्रतिमान विकसित करण्यात आले. हिंदी महासागराचा पश्चिम भाग विसाव्या शतकाच्या आरंभापासून सु. १·२° से.ने तापल्याचे याच संस्थेतील अभ्यासात आढळले आहे.

या ज्ञानाचे मोल दुष्काळात प्रकर्षाने जाणवते. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या वर्षी देशातील मोसमी पाऊस सरासरीच्या अनुक्रमे ८८ व ८६ टक्के झाला. दुसऱ्या वर्षी एल् निन्यो अत्यंत प्रबळ होता. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर विसंबलेल्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. हंगामाच्या आरंभी वर्तविलेला अंदाज देशाच्या सरासरीचा असतो. पेरणी केव्हा करावी, धरणातील पाणी किती राखावे, हे प्रश्न मात्र तालुक्याचे असतात. या दोहोंमधील अंतर कमी करणे हेच पुढील सागरी संशोधनापुढील प्रमुख कार्य होय. समुद्रावरील निरीक्षणांत पडणारा खंड हा केवळ शास्त्रीय तोटा ठरत नाही. त्याचा परिणाम पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतापर्यंत पोहोचतो.