मंडईचें नांव

पुण्याच्या शुक्रवार पेठेंत उंच अष्टकोनी मनोऱ्याची जी दगडी इमारत आहे, तिला पुणेकर नुसतें ‘मंडई’ म्हणतात. कागदोपत्रीं मात्र तिला दोन नांवें मिळालीं: आरंभीं ‘रे मार्केट’ आणि पुढें ‘महात्मा फुले मंडई’. पहिलें नांव एका गव्हर्नराचें. दुसरें, त्या इमारतीच्या खर्चास विरोध करणाऱ्या गृहस्थाचें. हें कसें घडलें, तें आज सांगावयाचें आहे.

पूर्वीं शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील पटांगणांत उघड्यावर भरे. तेव्हां म्युनिसिपालिटीनें खासगीवाले यांच्या जागेवर पक्की मंडई उभारण्याचें ठरविलें. बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनीं पार पाडलें. सुमारें ३ लाख रुपये खर्ची पडले. १८८६ सालीं मंडई खुली झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव तिला देण्यांत आलें.

जोतीराव फुले १८७६ पासून कांहीं वर्षें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर १००० रुपये खर्च करण्यास १८८० सालीं त्यांनीं विरोध केला. मंडईच्या बाबतींतहि त्यांचें म्हणणें तेंच होतें: हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लागावा. त्यांचें घराणें फुलांच्या व्यवसायाचें. बाजारांतील ऊनपाऊस त्यांस परका नव्हता. म्हणून हा विरोध विक्रेत्यांच्या सोयीला होता, असें समजणें अन्यायाचें होईल. प्रश्न क्रमाचा होता. सार्वजनिक तिजोरींतील पहिला रुपया कोणाचा? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढेंहि त्यांनीं हीच तक्रार मांडली कीं, कर भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा लाभ होतो वरिष्ठ वर्गांस.

मंडईनें शहराची मोठी सोय केली, हेंहि तितकेंच खरें. पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तिला फुल्यांचें नांव मिळालें. तिच्या शेजारींच पेशवाईंतील तुळशीबागेचें राममंदिर आहे; तिच्यापुढें १९२४ सालीं लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला. अशा रीतीनें पेशवाई, इंग्रजी अमदानी आणि राष्ट्रीय चळवळ, तिन्हींच्या खुणा येथें एका हांकेच्या अंतरावर आहेत.

तेथून थोडें चालून गेलें कीं बुधवार पेठेंतील भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव व सावित्रीबाई यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा काढली ती ह्याच वाड्यांत. तो वाडा वर्षानुवर्षें मोडकळीस आलेला राहिला आणि अखेर स्मारकासाठीं डिसेंबर २०२३ मध्यें पाडण्यांत आला. ज्या इमारतीस जोतीरावांनीं हरकत घेतली, ती त्यांच्या नांवानें डौलानें उभी आहे. ज्या वाड्यांत त्यांनीं शाळा मांडली, त्याच्या भिंती मात्र उरल्या नाहींत.

थोर पुरुषाचें नांव दगडावर कोरणें सोपें असतें. त्याचा प्रश्न मनांत बाळगणें अवघड. मंडईंत भाजीची पिशवी भरतांना क्षणभर मनोऱ्याकडे पाहावें आणि तो जुना प्रश्न आपल्या गांवच्या कारभारासहि विचारावा: पहिला रुपया कोणाचा?