ब्रेक आणि तेल यांच्यामधलं सील

आज सरोजिनी नगरातल्या लेकीच्या सरकारी क्वार्टरमधून बोलतोय. खाली बाजारात कपडेखरेदीची झुंबड, आणि माझा विषय ट्रॅक्टरचा मागचा एक्सल! हसू नका. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर आयशरने 1959 साली फरिदाबादला काढला. इथून तासाभराची वाट.

आपल्या गावांना ओळखीचा मात्र मॅसी. त्याचं मूळ हॅरी फर्ग्युसनच्या टीई-20 मध्ये. 1946 ते 1956 या काळात कॉव्हेंट्रीत असे पाच लाखांहून जास्त ट्रॅक्टर तयार झाले. फर्ग्युसनने गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक, तिघांना एकच तेल दिलं. सुटसुटीत काम. पण ब्रेकचे ड्रम ठेवले चाकापाशी, एक्सलच्या टोकाला. तेल आणि ब्रेक यांच्यामध्ये पहाऱ्याला उभं फक्त सील. हीच ठेवण पुढे मॅसी 35 मध्ये आली आणि मद्रासच्या टॅफेमार्फत आपल्या शेतात.

सीलचाही इतिहास आहे. फ्रॉइडेनबर्ग ही जर्मनीतली कातडी कमावणारी कंपनी. 1929 च्या सुमारास तिने चामड्याचं सील काढलं, पुढे कृत्रिम रबराचं. रबर टिकाऊ खरं, पण उन्हातान्हात वर्षं गेली की तेही कडक होतं.

1986 साली मी सुट्टीवर सातारा जिल्ह्यात गावी होतो. काका उसाची ट्रॉली घेऊन ओढ्याच्या उतारावर. उजव्या ब्रेकच्या लायनरवर तेल आलेलं. दोन्ही पेडल एकत्र दाबले, तर डावं चाक धरलं, उजवं नुसतं घसरलं. ट्रॅक्टर डावीकडे ओढला गेला आणि बांधावर चढून थांबला. बांध नसता तर काका ओढ्यात गेले असते.

त्या हंगामात सील दोनदा बदललं होतं, तरी गळती चालूच. मी हब उतरवून पाहिला. शाफ्टवर सीलच्या ओठाने नखाला लागेल अशी खाच पाडली होती. बेअरिंग ढिलं, चाक हलवलं की शाफ्ट हलायचा. अशा शाफ्टवर कोणतं सील टिकणार? वर हाऊसिंगचा ब्रीदर चिखलाने बंद. तेल तापलं की आत दाब वाढतो, हवेला वाट नसली की ती सीलमधूनच तेल बाहेर ढकलते. शिवाय तेल काठीच्या खुणेच्या वर भरलेलं. काकांना वाटायचं, जास्त तेल म्हणजे जास्त काळजी!

बेअरिंग नवं, शाफ्टवर बारीक स्लीव्ह, ब्रीदर साफ, तेल खुणेपर्यंत. लायनर दोन्ही बाजूंचे बदलले. तेल प्यायलेला लायनर जाळून साफ करतात, पण गरम झाला की तो पुन्हा पाझरतो, म्हणून ती काटकसर मी होऊ दिली नाही.

पुढे ट्रॅक्टरला तेलातच बुडालेले डिस्क ब्रेक आले. शेतकरी त्यांना 'ऑइल ब्रेक' म्हणतात, दुकानदार तेच मोठ्या तोऱ्यात सांगून विकतात. काका मात्र शेवटपर्यंत विचारत राहिले, "अरे, ज्या तेलानं मला मारलंच होतं, ते तुम्ही आता मुद्दाम ओतताय?"