एकदाच झाडलेल्या पुंगळ्या



अमेरिकेत रिकाम्या काडतुसांचा एक मोठा बाजार आहे. रायफलच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या, काजळी धरलेल्या, कुठे कुठे चेपलेल्या, पाचशे-हजाराच्या हिशोबाने विकल्या जातात. घेणारे हौशी नेमबाज आणि शिकारी. ते घरी गॅरेजमध्ये बसून त्या साफ करतात आणि पुन्हा भरतात. या मालाच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असतं : 'एकदाच झाडलेल्या'. आपल्याकडे जुन्या गाडीच्या जाहिरातीत 'सिंगल ओनर, डॉक्टर ड्रिव्हन' असतं ना, त्याचंच हे भावंड. विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न :)

गाडीच्या बाबतीत फसलात तर गॅरेजचं बिल येतं. इथे पुंगळी फसवी निघाली तर ती तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर फुटते. '३०-०६' हे अमेरिकेतलं जुनं लोकप्रिय काडतूस घ्या. त्यातला दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये तो तीस-बत्तीस असतो. म्हणजे वापरलेली पुंगळी घेताना माणूस नुसतं पितळ घेत नाही, त्या पितळेचा भूतकाळ घेतो. आणि हा भूतकाळ वाचायचा कसा, हे शिकायला पन्नासेक वर्षं लागली. त्यातला एक धडा तर आपल्या पावसाळ्याने शिकवला.

आधी थोडं सामान्यज्ञान. काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, बुडाशी टिकली (दिवाळीत पिस्तुलात उडवतो तीच कल्पना) आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पुंगळी. टिकली फुटते, दारू पेटते, गोळी जाते. मागे उरते पुंगळी, आणि चौघांमध्ये बनवायला सगळ्यात किचकट तीच. म्हणून ती पुन्हा वापरायचा मोह होतो.

पूर्वी मागे काहीच उरत नसे. १८५७ चं काडतूस आपल्याला शाळेपासून माहीत आहे (आणि २००५ पासून आमिर खानच्या मिशांसकट!). कागदाची पुडी, आत दारू आणि गोळी, वर चरबी. दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. कागदाचं काय झालं याची कोणाला फिकीर नव्हती. नऊच वर्षांनी, १८६६ मध्ये, ब्रिटिशांनी त्याच एन्फील्ड रायफलींना मागून उघडणारं स्नायडरचं झाकण बसवलं आणि त्यांच्यासाठी वुलिचच्या एडवर्ड बॉक्सर या अधिकाऱ्याने नवं काडतूस काढलं. पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी आणि बुडाला लोखंडी चकती. दाताचा प्रश्नच मिटला. तीन वर्षांनी, १८६९ साली, आपल्या पुण्यात खडकीला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. तो आजही चालू आहे.

पितळच का? तर स्फोटाच्या क्षणी पुंगळी फुगते, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि आग मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगायचं पण फाटायचं नाही, आणि वर परत आकसायचं! सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त हे मिश्रण या कामाला अगदी बेतलेलं निघालं. नुसतं तांबं फुगतं झकास, पण आकसायला कुरकुरतं.

ही कुरकुर अमेरिकन घोडदळाला चांगलीच ठाऊक झाली. २५ जून १८७६ ला मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी कस्टरची तुकडी लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी पार संपवली. सैनिकांच्या काडतुसांच्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या. नळी तापली की त्या आत अडकत, आणि मग चाकूने उकरून काढायच्या. पराभवाचं खापर पुढे कित्येक वर्षं या अडकलेल्या पुंगळ्यांवर फोडलं गेलं.

गंमत अशी की याचा निकालही पुंगळ्यांनीच दिला. १९८३ मध्ये तिथलं गवत वणव्यात जळलं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि मंडळींनी मेटल डिटेक्टर घेऊन सगळं रणांगण विंचरून काढलं. प्रत्येक बंदुकीच्या चापाची खूण टिकलीवर वेगळी उमटते, बोटांच्या ठशांसारखी. त्यावरून एकच बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली याचे नकाशे तयार झाले. उकरून काढल्याचे ओरखडे मात्र फार थोड्या पुंगळ्यांवर सापडले. म्हणजे पुंगळ्या अडकल्या हे खरं, पण कस्टर हरला तो काही त्यामुळे नव्हे. शंभरेक वर्षांनी साक्ष द्यायला पितळ, तांबंच उरलं होतं. लॉग फाइल्स जपून ठेवाव्यात म्हणतात ते असं!

कस्टरच्या पुंगळ्या पुन्हा भरता येत नसत, कारण त्यांची टिकली आतल्या बाजूला बसवलेली असे. बाहेरून बसवायच्या टिकलीचे दोन घाट त्याच १८६६ च्या सुमाराला निघाले होते. एक आपल्या बॉक्सरचा आणि दुसरा हायरम बर्डन या अमेरिकन कर्नलचा. टिकली फुटायला चापाखाली काहीतरी टणक लागतं, तिची 'ऐरण' म्हणा. बर्डनने ती पुंगळीच्या बुडातच घडवली आणि आग आत जायला शेजारी बारीक भोकं पाडली. बॉक्सरने ऐरण टिकलीच्या पोटात घातली, त्यामुळे पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक पुरलं. आता त्या भोकातून आतून सळई घातली की जुनी टिकली टक्कन बाहेर. बर्डनच्या पुंगळीत सळईला वाटच नाही, टिकली बाहेरून उचकटावी लागते.

आणि नशीब बघा. इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेने उचलली आणि अमेरिकन बर्डनची युरोपने. पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत घराघरात पोचला त्यामागे हे एक मधोमध भोक आहे, असं माझं ठाम मत आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा एक डिझाइन निर्णय, आणि कोणत्या देशात काय सोपं हे अजून तोच ठरवतोय.

१८८० च्या दशकात अमेरिकन सैन्यच आपल्या ठाण्यांवर सरावाच्या पुंगळ्या पुन्हा भरायला लागलं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागाराने १८७७ पासून पुंगळीच्या बुडावर महिना आणि वर्ष ठोकायला सुरुवात केली होती, त्यामुळे कुठला माल किती जुना ते कळे. पुंगळीला जन्मदाखला मिळाला. पण भरता भरता नवीन दुखणं निघालं. टिकलीत तेव्हा पाऱ्याचं संयुग असे. स्फोटानंतर तो पारा पितळेत शिरून त्याला ठिसूळ करी. दिसायला पुंगळी ठणठणीत, दुसऱ्या वेळी भरली की तडकली. शेवटी १८९८ च्या सुमाराला सैन्याने रायफलच्या टिकलीतून पारा काढूनच टाकला. (त्याच्या जागी आलेल्या क्षाराने पुढची पन्नास वर्षं नळ्या गंजवल्या, पण तो वेगळा लेख होईल. असो.)

आता आपला पावसाळा. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवत. छप्पर असलेली, कोरडी जागा, दुसरं काय हवं! पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर पुंगळ्यांना उभे तडे. न झाडलेल्या, कोऱ्या काडतुसांना! कोणी हात लावला नव्हता, कुठे आदळली नव्हती. जणू बसल्या जागी फाटली. ऋतूबरोबर येणारा आजार म्हणून त्याला नावही 'सीझन क्रॅकिंग' असं पडलं.

उत्तर मिळालं ते १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिलं की गुन्हेगार दोन आहेत आणि एकट्याने गुन्हा करत नाहीत. पहिला अमोनिया. तबेल्यात घोड्यांच्या मुतातून सुटणारा, दमट हवेत भरून राहिलेला. दुसरा पुंगळीच्या आतला ताण. पुंगळी ओतून करत नाहीत. पितळेची चकती दाबून वाटी, वाटी खेचून नळी, मग नळीचं तोंड आवळून मान, अशी ती थंड अवस्थेतच घडवतात. प्रत्येक दाबाचा ताण धातूत राहून जातो. बाहेरून दिसत काही नाही. अमोनिया नसता तर तो ताण वर्षानुवर्षं गुपचूप बसला असता, आणि ताण नसता तर अमोनियाने पितळ नुसतं काळवंडलं असतं. दोघे भेटले की तडा.

इलाज? भाजणं. घडवून झाल्यावर पितळ बेताने तापवायचं, की ताण निघून जातो. हे ऐकून कसबा पेठेतल्या तांबट आळीत कोणी भुवईसुद्धा उंचावणार नाही. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की ते भट्टीत तापवून मऊ करायचं, हे तिथे पेशवाईपासून चालत आलंय. प्रश्न भाजावं की नाही हा नव्हताच. घडवताना मधे मधे भाजत होतेच. शेवटच्या टप्प्याला राहिलेला ताण इतका जीवघेणा असेल, हे मात्र तबेल्याने दाखवलं.

आजही अमेरिकन लष्करी पुंगळीच्या मानेवर निळसर-जांभळी झाक दिसते. ती भाजल्याची खूण. तपासणाऱ्याला दिसावी म्हणून ती मुद्दाम तशीच ठेवतात. दुकानातल्या नागरी काडतुसावरून ती घासून काढतात, गिऱ्हाईकाला डाग वाटतो म्हणून. मला विचाराल तर डागवालीच जास्त देखणी.

तर आता गोणी घरी आलीय असं समजा. जाणकार माणूस पहिल्यांदा पुंगळ्या ओततो आणि बुडावरची अक्षरं वाचत ढीग लावतो. 'एलसी' म्हणजे मिझुरीतला लेक सिटी, १९४१ मध्ये सुरू झालेला लष्करी कारखाना. शेजारी वर्षाचे आकडे. आत भोकं दोन दिसली तर बर्डन, ती बाजूला. चुंबकाला चिकटली तर पोलादी, तीही बाजूला. मग तो तारेचं टोक वाकवून आत घालतो आणि बुडाच्या थोडं वर भिंतीवरून फिरवतो. तार खाचेत अडकली तर तिथे पितळ ताणून पातळ झालंय, पुढच्या वेळी पुंगळी तिथून दोन तुकडे होणार. ही तपासणी बाहेरून होत नाही. आणि 'एकदाच झाडलेल्या' याचा अर्थ कधी कधी 'एकदाच, पण मशीनगनमधून' असाही असतो. मशीनगनची खोबण सैल, त्यामुळे पुंगळी जास्त फुगलेली. तिला मूळ मापात आणताना साच्याची आणि दंडाची कसोटी लागते.

धुणं हा तर वेगळाच सोहळा. मक्याच्या कणसाचा भुसा किंवा अक्रोडाच्या टरफलांचा चुरा घातलेल्या थरथरत्या भांड्यात पुंगळ्या तासन्‌तास घोळवतात. काही जण पाण्यात सायट्रिक ॲसिड टाकतात, म्हणजे आपली आजी देवाची भांडी चिंचेने घासायची तोच प्रकार. पण अमोनिया असलेलं पॉलिश मात्र वर्ज्य. का, ते तुम्हाला आता माहीत आहे. मग वंगण लावून साच्यात दाबणं, टिकली काढणं, लांबलेली मान कापून मापात आणणं. लष्करी पुंगळीत टिकली हलू नये म्हणून भोवतीची कड चेपलेली असते, ती सरळ करणं. चार-सहा वेळा भरून मान कडक झाली की पुन्हा भाजणं. पण फक्त मान! बूड मऊ झालं तर सगळा दाब कोणी सोसायचा? म्हणून जुने लोक पुंगळ्या पाण्याच्या ताटात उभ्या करून वरून ज्योत लावायचे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा छंद फोफावला, कारण माल स्वस्तात पडून होता. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारकडून उरलेली दारू टनांनी घेतली आणि एका जुन्या रेल्वे डब्यात ठेवून किरकोळीने विकली. पुढे त्याची कंपनीच उभी राहिली. लष्कराच्या पुंगळ्याही लिलावात निघत राहिल्या.

मार्च २००९ मध्ये हे सगळं अचानक थांबलं. ओबामा निवडून आल्यापासून काडतुसांची खरेदी भडकली होती आणि नेमक्या त्याच वेळी संरक्षण खात्याने ठरवलं की झाडलेल्या पुंगळ्या यापुढे ठेचूनच विकायच्या. ठेचलेली पुंगळी म्हणजे नुसती मोड. भट्टीवाल्याला काही फरक पडत नाही, पण भरणाऱ्याच्या लेखी ती मेली. सरकार मागच्या दाराने काडतुसं बंद करतंय अशी बोंब उठली. मोंटानाच्या बॉकस आणि टेस्टर या दोन सेनेटरांनी (दोघेही ओबामांच्याच पक्षाचे!) खात्याला पत्र धाडलं. काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. एवढ्या तातडीने हललेली सरकारी फाइल तुम्ही कधी पाहिली आहे?

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येतच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हाच गुन्हा आहे. एनसीसीत असलेल्यांना आठवत असेल, रेंजवर गोळीबार संपला की खरा तास सुरू होतो तो गवतात वाकून पुंगळ्या शोधायचा. जितक्या झाडल्या तितक्या मोजून परत. एक कमी पडली की अख्खी पलटण उन्हात.