भंडारा पोटनिवडणूक, १९५४ : एक नेता लोकसभेत, दुसरा बाहेर

समाजवादी नेते अशोक मेहता यांचा लोकसभेतील प्रवेश मे १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातील पोटनिवडणुकीतून झाला. याच निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पराभव झाला, आणि तीच तिची मुख्य ओळख बनली. मेहता यांचा विजय मात्र आज फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

भंडारा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. पोटनिवडणुकीचे मूळ एका न्यायालयीन वादात होते. १९५२ मध्ये येथून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी विडी उत्पादन करणाऱ्या कंपनीत भागीदार होते. सैनिकी उपाहारगृहांना विड्या पुरवण्याचे कंत्राट या कंपनीने सरकारशी केले होते. त्यामुळे जसानी अपात्र ठरतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये दिला. याच खटल्यात दुसरा प्रश्न राखीव जागेचा होता. एका उमेदवाराने महानुभाव पंथ स्वीकारल्याने तो महार राहिला नाही, या कारणावरून त्याचा अर्ज फेटाळला गेला होता. पंथ स्वीकारल्याने जात सुटत नाही, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळणे चुकीचे ठरवले. परिणामी संपूर्ण निवडणूकच रद्द झाली आणि दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

भंडारा हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव, दुसरी सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते. मात्र दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रजा समाजवादी पक्षाचे मेहता सर्वसाधारण जागेसाठी, तर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे आंबेडकर राखीव जागेसाठी उभे होते. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतही या दोघांनी एकत्र लढत दिली होती आणि दोघेही पराभूत झाले होते. भंडाऱ्याच्या प्रचारात आंबेडकरांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कठोर टीका केली.

कार्यकर्त्यांनी दुसरे मत वाया घालवण्याचा मार्ग सुचवला होता आणि बाबासाहेबांनी तो नाकारला, अशी आठवण आंबेडकरी चळवळीत सांगितली जाते. निकालात मेहता विजयी झाले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी आंबेडकरांना ८,३८१ मतांनी हरवले. दोन्ही जागांसाठी मतदार तेच होते. तरीही मित्रपक्षाची मते अपेक्षेप्रमाणे फिरली नाहीत, असाच या आकड्याचा अर्थ लावावा लागतो.

आंबेडकर १९५२ पासून राज्यसभेचे सदस्य होते आणि डिसेंबर १९५६ मधील निधनापर्यंत त्याच सभागृहात राहिले. मेहता १९५७ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूरमधून पुन्हा लोकसभेत आले. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष आणि काँग्रेस सरकारात मंत्री झाले. द्विसदस्य मतदारसंघांची पद्धत १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आली.