पाना

नातू इंग्लंडात हौसेखातर शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी चालवतो, हे कळल्यापासून सूनबाईच्या घशाखाली घास उतरेना. मी पडलो जुना मास्तर, इतिहासच सांगितला...

१९६६ साली बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर पावसात जॅकी स्ट्युअर्टची गाडी घसरली. पेट्रोलने भिजून तो आतच अडकला. सोडवायला पाना नव्हता, तो प्रेक्षकाकडून मागून आणला! वाचल्यावर स्ट्युअर्ट सुरक्षिततेसाठी हट्टाने भांडला. पट्टे, कठडे, ट्रॅकवर डॉक्टर हे सारे हळूहळू सक्तीचे झाले.

नातवाची तर शर्यतही नसते. हेल्मेट हवेच, आधी सूचना ऐकायच्या, पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक नाही.

धोका शून्य नाही, सूनबाई. पण आता पाना हाताशी असतो.

तरी, "घरी पोचलास की फोन कर," असे मीही त्याला बजावलेच!