म्हातारचळ की आजार? मुंबईतील एका मोजणीचा इतिहास

१/ मराठीत ‘म्हातारचळ’ हा शब्द जुना आहे आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हणही. वृद्ध माणूस नावे विसरतो, ओळखीच्या गल्लीत वाट चुकतो, हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. त्याला आजार मात्र म्हटले नाही. आजार म्हटल्यावाचून मोजणी होत नाही, आणि मोजणीत नसलेल्यांसाठी कोणी खाटा राखत नाही.

२/ जर्मनीत ते नाव १९१० साली मिळाले. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. घरी सांभाळणे अशक्य झाल्याने पतीनेच तिला आणले होते. तिच्या मृत्यूनंतर अलॉइस अल्झायमर यांनी मेंदू तपासला, १९०६ मध्ये निष्कर्ष मांडले आणि क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला त्यांचे नाव दिले.

३/ आता परळ. केईएम रुग्णालयात मेंदूविकारशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. एडी भरुचा हे मोठे नाव. पुढे त्यांनी आणि डॉ. नादिर भरुचा यांनी सहकाऱ्यांसह मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर पाहणी केली: १४,०१० रहिवासी! तिचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला कंपवाताचा निबंध आजही उद्धृत होतो. मेंदूचे विकार रुग्णालयाच्या नोंदवहीत नव्हे, उंबरठ्यावर मोजावे लागतात, हा धडा त्यात होता.

४/ स्मृतिभ्रंशाची मोठी मोजणी २००१ साली प्रसिद्ध झाली. सी. जे. वास, नायर रुग्णालयाचे चार्ल्स पिंटो आणि सहकाऱ्यांनी मुंबईत चाळिशीपुढील २४,४८८ जणांची पाहणी केली. पासष्टीपुढील लोकांत स्मृतिभ्रंश २.४४ टक्के, त्यांपैकी अल्झायमर सुमारे १.५ टक्के. युरोपातील तत्कालीन अंदाजांच्या हे निम्म्याहूनही कमी होते.

५/ मग मुंबईकर सुदैवी म्हणायचे का? इतके सोपे नाही. निदानाच्या रूढ निकषांत ‘दैनंदिन व्यवहार बिघडला आहे’ हे घरच्यांनी सांगावे लागते. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीतील निवृत्त गिरणी कामगार डोळ्यांसमोर आणा. चहा हातात मिळतो, बाजार मुलगा करतो, औषध सून देते. त्यांचा कोणता व्यवहार बिघडलेला दिसणार? विचारले तर सून म्हणेल, ‘वय झालंय बाबांचं.’ सेवा जितकी चोख, तितका आजार अदृश्य.

६/ हा केवळ तर्क नव्हे. १९९८ साली कोचीनमध्ये ‘१०/६६’ हा संशोधक गट स्थापन झाला. नावाचा अर्थ असा की दोन तृतीयांश रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावरील संशोधन दहा टक्क्यांहून कमी. या गटाने २००८ मध्ये दाखवले की रूढ निकष लावल्यास ग्रामीण तमिळनाडूत प्रमाण जेमतेम ०.३ टक्के भरते. स्थानिक परिस्थितीत पारखलेली चाचणी लावली की ते कित्येक पटींनी वाढते. मुंबईच्या आकड्यालाही हीच शंका लागू पडते, असे मला वाटते.

७/ याच गटाने २००४ मध्ये २४ केंद्रांतील ७०६ रुग्णांच्या काळजीवाहकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बहुतेक स्त्रियाच. एकत्र कुटुंबाचा आपण फार अभिमान बाळगतो, परंतु त्यांच्यावरील मानसिक ताण श्रीमंत देशांतल्याइतकाच होता.

८/ शेजारच्या गोव्यात पुढचे पाऊल पडले. डॉ. अमित डायस, विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांची चाचणी घेतली (२००८). डॉक्टर नसलेले, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते सहा महिने घरी जात: आजार समजावत, चिडचिड कशी हाताळावी ते सांगत, सरकारी योजनांचे अर्ज भरून घेत. काळजीवाहकांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. त्या काळात १८ रुग्ण दगावले, हेही निबंधात नोंदले आहे.

९/ २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. सासऱ्यांना चहा देणाऱ्या त्या सुनेचा क्रमांकही पुढे याच रांगेत येतो.