ऐकू कमी येणाऱ्या आईवडिलांशी घरात कसे बोलावे?

‘टीव्हीवरचं सगळं ऐकतात, आम्ही बोललो की मात्र ऐकू येत नाही.’ वडिलांना तपासणीला घेऊन आलेली मुले हे वाक्य हमखास बोलतात. वडील शेजारीच बसून मान हलवत असतात. (टीव्हीचा आवाज किती मोठा असतो, ते शेजाऱ्यांना विचारावे!) तुमच्याही घरी असे होत असेल, तर ते मुद्दाम करत नाहीत, हे आधी समजून घ्या.

आवाज येतो, शब्द कळत नाही

वयानुसार आतल्या कानातील सूक्ष्म केसपेशी कमी होत जातात आणि बारीक, म्हणजे उच्च वारंवारतेचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. बोलण्यातले आ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात. स, श, थ, फ यांसारखी व्यंजने बारीक असतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण ‘ताप’ की ‘साप’, ‘सात’ की ‘साठ’ हे कळत नाही. तुम्ही ओरडता तेव्हा मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजने तितकीच अस्पष्ट राहतात. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम टोचतो. म्हणून ‘मोठ्याने बोल’ म्हणणारे बाबा पुढच्याच क्षणी ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतात.

दारातून बोलू नका

वसई-विरारमधल्या कितीतरी घरांत दिवसभराचे बोलणे रात्रीच होते. चर्चगेटकडून दीड तास लोकलमध्ये उभे राहून आलेला माणूस चपला काढतानाच काहीतरी सांगतो. आत मिक्सर, समोर मालिका, पावसाळ्यात वर पत्र्यावरचा पाऊस. या गोंगाटात कमी ऐकू येणाऱ्याला काहीही कळणार नाही.

आधी टीव्ही बंद करा. तीन-चार फुटांवर, समोर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर हवा, पाठीमागे खिडकी नको. कारण ते तुमचे ओठही वाचत असतात. हाक मारा, त्यांनी पाहिले की मग विषय सांगा: ‘बाबा, वीजबिलाबद्दल बोलतोय.’ विषय कळला की निसटलेले शब्द मेंदू अंदाजाने भरून काढतो. नेहमीच्या आवाजात, थोडे सावकाश बोला. एका वेळी एकानेच बोलावे.

एकदा सांगून कळले नाही, तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. भाषेचाही विचार करा. आजीचे आयुष्य कादोडीत किंवा वाडवळीत गेले असेल आणि नातू हिंदी-इंग्रजी मिसळून भरभर बोलत असेल, तर दोष सगळा कानाचा नसतो. लहानपणापासून कानावर पडलेली बोली अर्धवट ऐकू आली तरी ओळखता येते.

‘हो’ वर विश्वास ठेवू नका

मला सर्वांत जास्त काळजी या ‘हो’ची वाटते. पुन्हा पुन्हा ‘काय?’ विचारण्याची लाज वाटते, समोरचा वैतागतो, म्हणून माणूस मान डोलावू लागतो. गोळी अर्धी घ्यायची की एक, हे अशाच ‘हो’मध्ये चुकते. म्हणून ‘कळलं का?’ विचारू नका. ‘रात्री कोणती गोळी घ्यायची, मला सांगा बरं,’ असे विचारा. औषधाची वेळ आणि मात्रा ठळक अक्षरांत लिहून द्या.

आणि ‘जाऊ दे, काही विशेष नाही’ हे उत्तर देणे टाळा. सगळे हसत असताना एकट्याला विनोद न सांगणे फार लागते. असे वारंवार झाले की माणूस पंगतीतून उठून खोलीत जाऊन बसतो. मग घरचे म्हणतात, ‘आजकाल विसरायला लागलेत.’ कधी ते खरेही असते, पण न ऐकलेली गोष्ट आठवणार कशी? त्यामुळे स्मृतिभ्रंशाची शंका असेल, तर कानही तपासा. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने 2020 आणि 2024 च्या अहवालांत कमी ऐकू येणे हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका-घटक मानला आहे.

तपासणी कधी, कुठे?

कानात तेल घालू नका, काडी तर नकोच. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो डॉक्टरांनी काढला की फरक पडतो. मळ नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ ऑडिओमेट्री करायला सांगतील. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग ही वाक् व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. विरारहून लोकलने वांद्र्याला उतरून तिथे जाता येते. पात्र व्यक्तींना केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकते.

यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवात शांत खोलीत, एका माणसाशी बोलून करा. लग्नाच्या हॉलमध्ये नको.

एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवा. बोलणे अचानक अडखळू लागले, समोरच्याचे बोलणे समजेनासे झाले किंवा तोंड वाकडे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच 108 ला फोन करा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.